सीओपीडी बळावल्यावर रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साईड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार, एकाएकी बळावला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष ऑक्सिजनकडे लागते. कोविडच्या दोन वर्षांनी ती सवय आणखी पक्की केली. परंतु या आजारात रुग्णाचे पुढे काय होणार हे पुष्कळदा दुसऱ्याच वायूवर ठरते, आणि त्याविषयी नातेवाईकांना सहसा रुग्णालयात पोहोचल्यावरच पहिल्यांदा कळते. खालील प्रश्न त्या नातेवाईकांचे आणि रुग्णांचे आहेत. उत्तरे समजून घेण्यासाठी आहेत. उपचारांचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

आजार बळावतो तेव्हा कार्बन डायऑक्साईड का साठतो?

सीओपीडीच्या रुग्णाला थोडी धाप आणि खोकला बारमाही असतोच. दोन आठवड्यांच्या आत धाप, खोकला किंवा बेडका स्पष्टपणे वाढला, की आजार बळावला असे म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे विषाणूंचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो, काही वेळा धूर आणि प्रदूषण असते.

या काळात आधीच अरुंद असलेल्या श्वासनलिका सुजतात आणि कफाने भरतात. हवा आत शिरते, पण पूर्णपणे बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे छातीत हवा अडकून राहते, छाती फुगते आणि श्वासपटल सपाट होऊन त्याची ताकद घटते. फुगवलेल्या फुग्यात आणखी हवा भरायला जसा जास्त जोर लागतो, तसा या रुग्णाला प्रत्येक श्वासाला जास्त जोर लावावा लागतो. श्वास उथळ आणि भरभर होतो. उथळ श्वासातली बरीचशी हवा नलिकांमध्येच ये-जा करते आणि जिथे वायूंची देवाणघेवाण होते त्या वायुकोशांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. शरीर कार्बन डायऑक्साईड तयार करतच राहते, पण तो बाहेर टाकणे जमेनासे होते. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. तो ४५ च्या वर गेला की कार्बन डायऑक्साईड साठू लागला असे समजतात.

प्रत्येक रुग्णात असे होते का?

नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे एक वर्षभर, सीओपीडी बळावल्यामुळे दाखल झालेल्या ९८३ रुग्णांची पाहणी झाली आणि ती २००० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४७ टक्के रुग्णांमध्ये कार्बन डायऑक्साईड वाढलेला होता, तर सुमारे २० टक्के रुग्णांचे रक्त त्यामुळे आम्लधर्मी झाले होते. म्हणजे ज्यांच्यात वायू साठला त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या शरीराने तो निदान त्या वेळेपुरता सांभाळून घेतला होता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. पुढे एका प्रश्नात तो सविस्तर येतो.

धोका कोणाला जास्त? ज्यांचा आजार तीव्र आहे, ज्यांच्यात पूर्वी एकदा वायू साठलेला आहे, ज्यांना घरी कायम ऑक्सिजन लागतो, ज्यांच्या पाठीच्या कण्याला किंवा छातीच्या पिंजऱ्याला बाक आहे, आणि ज्यांना सीओपीडीबरोबरच स्थूलता व झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास आहे, अशांना.

बोटाला लावायचे यंत्र ९६ दाखवते आहे. मग काळजी कशाची?

पल्स ऑक्सिमीटर केवळ ऑक्सिजनची संपृक्तता दाखवतो, कार्बन डायऑक्साईड अजिबात मोजत नाही. बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर संपृक्तता ९६ असतानाच रक्तातला कार्बन डायऑक्साईड ९० पर्यंत चढलेला असू शकतो. बोटावरचा आकडा बघून नातेवाईक निर्धास्त असतात आणि रुग्ण अंथरुणात हळूहळू गुंगत जातो. सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजनवर ९६ असणे ही आनंदाची बातमी नसून ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त चालू असल्याची खूण असू शकते.

आणखी एक बाब आपल्याकडे लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्वचा गडद असेल तर ही यंत्रे प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात. नेलपॉलिश, मेंदी आणि थंड पडलेली बोटे यांमुळेही आकडा चुकतो.

कार्बन डायऑक्साईड साठतो आहे हे घरच्यांना कशावरून कळावे?

सकाळी उठल्यावर डोके दुखणे, दिवसा पेंगणे आणि रात्री झोप न लागणे, बोलण्यात असंबद्धता येणे, हात पुढे धरायला सांगितल्यावर पंजे फडफडणे, तळहात गरम व लालसर होणे ही त्याची लक्षणे आहेत. मात्र सर्वांत फसवे लक्षण म्हणजे शांतता. रात्रभर बसून धापा टाकणारे आजोबा पहाटे निवांत झोपी गेले की घरच्यांना वाटते, औषध लागू पडले. धाप कमी झाली असेल आणि रुग्ण हाक मारल्यावर नीट जागा होऊन बोलत असेल, तर ती सुधारणा आहे. हाक मारूनही तो अर्धवट डोळे उघडून परत पेंगत असेल, तर श्वासाचे स्नायू थकले आहेत आणि साठलेला वायू मेंदूला गुंगी आणतो आहे. अशा वेळी सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावे.

मनगटातून रक्त का काढतात? त्या अहवालात नेमके काय पाहायचे?

ही धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी. रुग्णालयात तिला एबीजी म्हणतात. शिरेतून रक्त काढण्यापेक्षा ती जास्त दुखते, त्यामुळे अनेक रुग्ण दुसऱ्यांदा नको म्हणतात. पण या आजारात इतकी उपयोगाची माहिती दुसरी कोणतीही एक तपासणी देत नाही. शिरेतल्या रक्तावरून प्राथमिक अंदाज येतो. त्यात कार्बन डायऑक्साईड वाढलेला दिसला, तर नेमका आकडा धमनीतूनच घ्यावा लागतो.

अहवालात तीन आकडे एकत्र वाचायचे असतात: कार्बन डायऑक्साईडचा दाब, बायकार्बोनेट, म्हणजे आम्लता कमी करणारा रक्तातला घटक, आणि पीएच, म्हणजे रक्ताचा सामू. सामू साधारणपणे ७.३५ ते ७.४५ असतो; ७.३५ च्या खाली गेला की रक्त आम्लधर्मी झाले.

दोन रुग्ण कल्पून पाहू. दोघांचाही कार्बन डायऑक्साईड ६० आहे. पहिल्याचे बायकार्बोनेट ३४ आणि सामू ७.३८ आहे. याच्या रक्तात हा वायू बऱ्याच काळापासून जास्त असावा. मूत्रपिंडांनी काही दिवसांत बायकार्बोनेट वाढवून आम्लता आटोक्यात आणली आहे. दुसऱ्याचे बायकार्बोनेट २४ आणि सामू ७.२२ आहे. याचा वायू काही तासांतच चढला आहे, मूत्रपिंडांना सावरायला अवधी मिळालेला नाही आणि त्याचा जीव धोक्यात आहे. दोघांचा कार्बन डायऑक्साईडचा आकडा एकच असला तरी त्यांची अवस्था अगदी निराळी आहे. म्हणून डॉक्टरांना ‘कार्बन डायऑक्साईड किती?’ एवढेच विचारून थांबू नये, ‘सामू किती?’ हेही विचारावे. नातेवाईकांनी विचारण्याजोगा याहून चांगला प्रश्न मला तरी सुचत नाही.

ऑक्सिजन दिल्याने कार्बन डायऑक्साईड वाढतो म्हणतात. मग ऑक्सिजन द्यायचाच नाही का?

द्यायचा, पण मोजून. या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत आणि दोन्ही घातक आहेत.

जुने स्पष्टीकरण असे होते की, या रुग्णांचा मेंदू ऑक्सिजनच्या कमतरतेवरच श्वास चालवतो आणि ऑक्सिजन दिला की श्वास मंदावतो. यात तथ्य आहे, पण थोडेच. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. ही शरीराची उत्तम सोय आहे. भरपूर ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या पुन्हा रुंदावतात, रक्त निकामी भागांकडे जाते आणि तिथून कार्बन डायऑक्साईड न टाकताच परत येते. दुसरे असे की, ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साईड कमी धरून ठेवू शकते, त्यामुळे तो सुटून रक्तात मिसळतो. निरोगी माणूस श्वास वाढवून तो बाहेर टाकतो. थकलेल्या रुग्णाला ते जमत नाही.

याचा परिणाम मृत्युदरावर किती होतो, हे ऑस्ट्रेलियातील तास्मानिया राज्यातल्या एका चाचणीने दाखवून दिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत रुग्णवाहिकेतल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीप्रमाणे मिनिटाला ८ ते १० लिटर ऑक्सिजन मास्कने दिला गेला, तर काहींना संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच नाकातल्या नळीने दिला गेला. ज्यांना सीओपीडी असल्याची खात्री पुढे झाली त्यांच्यात मोजून ऑक्सिजन दिलेल्या गटातले २ टक्के रुग्ण दगावले. भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. नवे औषध नाही, महाग यंत्र नाही. केवळ ऑक्सिजनचा नॉब कुठे ठेवायचा एवढ्याने हा फरक पडला. ८८ ते ९२ हे लक्ष्य आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे.

मात्र या भीतीने ऑक्सिजन काढून घेणे त्याहून वाईट. ऑक्सिजन फार कमी झाला तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. कार्बन डायऑक्साईड वाढला आहे असे कळल्यावर ऑक्सिजन एकदम बंद केला, तर संपृक्तता सुरुवातीच्या पातळीच्याही खाली कोसळू शकते. तो हळूहळू, आकडा बघत कमी करायचा असतो.

घरी कॉन्सन्ट्रेटर आहे. धाप वाढली की प्रवाह वाढवावा का?

स्वतःच्या मनाने वाढवू नये. डॉक्टरांनी ठरवून दिलेला प्रवाह, जो बहुधा मिनिटाला १ ते २ लिटर असतो, तेवढाच ठेवावा आणि ८८ ते ९२ हे लक्ष्य आपल्या रुग्णाला लागू आहे का हे आधीच विचारून घ्यावे. संपृक्तता ८८ च्या खाली जात असेल तर डॉक्टरांशी बोलत बोलतच प्रवाह थोडा वाढवावा आणि रुग्णालयात निघण्याची तयारी करावी. कोविडमध्ये घेतलेले यंत्र घरात आहे म्हणून शेजारच्या काकांना ५ लिटरवर लावून देणे हा परोपकार नव्हे. औषधाचा फवारा श्वासातून देणारा नेब्युलायझर शक्यतो हवेच्या दाबावर चालणारा असावा, ऑक्सिजनच्या सिलिंडरवर नव्हे.

बायपॅप म्हणजे काय? त्याने खरोखर जीव वाचतो का?

घशात नळी न घालता, तोंडा-नाकावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून श्वासाला दाबाचा आधार देणारे हे यंत्र आहे. श्वास घेताना ते जास्त दाब देते आणि सोडताना कमी. त्यामुळे थकलेल्या स्नायूंना विसावा मिळतो, श्वास खोल होतो आणि साठलेला वायू बाहेर पडतो. योग्य उपचार व मोजून ऑक्सिजन सुरू केल्यावरही कार्बन डायऑक्साईड ४५ च्या वर आणि सामू ७.३५ किंवा त्याखाली राहिला, तर ते लावावे असा सर्वसाधारण संकेत आहे.

वैद्यकशास्त्रात इतका निर्विवाद पुरावा क्वचितच मिळतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या गटातील ७४ टक्के रुग्णांना घशात नळी घालावी लागली. मास्कच्या गटात २६ टक्क्यांना. मृत्यूचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. २००० साली इंग्लंडमधील १४ रुग्णालयांत, अतिदक्षता विभागात नव्हे तर साध्या वॉर्डांत, हाच प्रयोग २३६ रुग्णांवर झाला आणि मृत्यू २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांच्या दृष्टीने मला ही दुसरी चाचणी जास्त मोलाची वाटते, कारण प्रशिक्षित परिचारिका असतील तर हे उपचार वॉर्डातही होऊ शकतात हे तिने दाखवले.

पहिला तास अवघड जातो. मास्क आवळतो, गुदमरल्यासारखे वाटते, रुग्ण तो ओढून काढतो. त्या तासात शेजारी बसून धीर देणारे माणूस असले तर बराच फरक पडतो. परंतु ‘दोन घास भरवते’ म्हणून परिचारिकेला न विचारता मास्क काढू नये. मास्क लावल्यानंतरच्या एक ते चार तासांत सामू सुधारू लागला तर उपचार लागू पडत आहेत असे मानतात. सुधारत नसेल तर पुढच्या पायरीचा विचार करावा लागतो. सतत उलट्या होणारा, श्वास थांबत आलेला किंवा चेहऱ्याला दुखापत असलेला रुग्ण अशा मास्कसाठी योग्य नसतो.

झोप यावी म्हणून गोळी देता येईल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या व शामक गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे श्वास मंद करतात. बेचैनी हे पुष्कळदा वाढत्या कार्बन डायऑक्साईडचेच लक्षण असते, आणि तिच्यावर शामक दिले की उरलासुरला श्वासही मंदावतो.

दवाखान्यातली बाकीची औषधे कोणती?

नलिका रुंद करणारी औषधे नेब्युलायझरने वारंवार, स्टेरॉइड साधारण पाच दिवस, आणि बेडका पिवळा-हिरवा व जास्त झाला असेल तर प्रतिजैविके. स्टेरॉइड चौदा दिवसांऐवजी पाच दिवस दिले तरी पुरते, हे स्वित्झर्लंडमधील चाचणीने २०१३ साली दाखवले आहे. त्यामुळे जुनी चिठ्ठी पाहून गोळ्या लांबवत बसू नये.

वडिलांचा कार्बन डायऑक्साईड वाढला होता. ते यातून बाहेर आले. पुढे काय?

या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगता येत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत, आजार बळावून कार्बन डायऑक्साईड ५० किंवा त्याहून अधिक झालेल्या १,०१६ रुग्णांपैकी ११ टक्के रुग्णालयातच दगावले, तर ४३ टक्के वर्षभरात. हाँगकाँगमध्ये बायपॅपने बऱ्या झालेल्या ११० रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा दाखल व्हावे लागले आणि सुमारे निम्मे वर्षभरात वारले. हे आकडे जुने आहेत आणि ते समूहाचे आहेत. एका माणसाचे भविष्य त्यांतून वाचता येत नाही. मात्र ‘यातून सुटलो’ म्हणून पाठपुरावा सोडणे किती महागात पडू शकते, एवढे त्यांतून नक्की कळते.

कोणाला धोका जास्त, हे ठरवताना कार्बन डायऑक्साईडच्या आकड्यापेक्षा इतर गोष्टी जास्त बोलतात: सामू किती घसरला होता, आजारापूर्वी घरातल्या घरात फिरतानाही धाप लागत होती का, न्यूमोनिया होता का, हृदयाचे ठोके अनियमित होते का, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फार कमी होत्या का. या पाच गोष्टींवर आधारलेली गुणांकनपद्धती डॉक्टर वापरतात.

घरी सोडताना कार्बन डायऑक्साईड ५५ होता. हे असेच राहणार का?

काहींचा पूर्ववत होतो, काहींचा राहतो, आणि हे घरी सोडण्याच्या दिवशी सांगता येत नाही. नेदरलँड्समधील चाचणीत आजार बळावल्यानंतर लगेचच २०१ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना घरचे बायपॅप दिले आणि त्यात फायदा दिसला नाही; या रुग्णांपैकी अनेकांचा वायू तसाही आपोआप उतरला असावा. याउलट ब्रिटनमधील २०१७ च्या चाचणीत दोन ते चार आठवडे थांबून पुन्हा तपासणी केली आणि ज्यांचा कार्बन डायऑक्साईड तेव्हाही ५३ च्या वर होता अशांनाच ऑक्सिजनसोबत घरी बायपॅप दिले. पुन्हा दाखल होणे किंवा मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ नुसत्या ऑक्सिजनवरच्या गटात १.४ महिने होता, तर बायपॅपच्या गटात ४.३ महिने.

म्हणून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा एबीजी करून घेणे, ही घरी जाताना मिळणाऱ्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते. हजारो रुपयांचे यंत्र घाईने विकत घेण्यापूर्वी ही तपासणी करावी. त्याच काळात फुप्फुसांचे पुनर्वसन, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, सुरू करावा आणि इन्फ्लुएंझा व न्यूमोकोकसच्या लसी राहिल्या असतील तर घ्याव्यात.

आईने कधी विडी-सिगारेट ओढली नाही. तिला हा आजार कसा?

भारतात २०१६ साली सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या अनेकांनी कधीही धूम्रपान केलेले नाही. वर्षानुवर्षे बंद स्वयंपाकघरात लाकूड, शेण्या व काटक्यांवर चूल पेटवणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांत हा धूर साठत आला आहे. अशा स्त्रियांचा आजार ‘दमा’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो आणि पहिले निदान थेट कार्बन डायऑक्साईड साठून गुंगी आल्यावरच होते. गॅस घरी आला तरी अंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

‘एकदा व्हेंटिलेटरवर टाकले की सुटत नाही.’ मग नकार द्यावा का?

सरसकट नकार देऊ नये. ब्रिटनमध्ये श्वासनलिकांचा आजार बळावून अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या ८३२ रुग्णांबाबत डॉक्टरांनाच आधी अंदाज विचारण्यात आला होता. त्यांच्या मते सरासरी ४९ टक्के रुग्ण १८० दिवस जगणार होते; प्रत्यक्षात ६२ टक्के जगले. ज्यांच्याविषयी डॉक्टर सर्वांत निराश होते, त्या पाचव्या हिश्श्यातल्या रुग्णांत अंदाज १० टक्क्यांचा होता आणि वाचले ४० टक्के. म्हणजे अनुभवी डॉक्टरांचाही निराशेकडे झुकणारा अंदाज चुकतो; मग आपल्या ऐकीव माहितीचे काय सांगावे!

तरीही असे रुग्ण असतात ज्यांचे आयुष्य आधीच खाटेपुरते उरलेले असते आणि ज्यांना स्वतःला नळी नको असते. त्यांच्यासाठी बायपॅप हीच उपचारांची शेवटची पायरी ठरवणे हा योग्य निर्णय असू शकतो, आणि धाप कमी करणारे उपचार तेव्हाही चालू राहतात. हे बोलणे रुग्ण बरा असताना, त्याच्यासमोर, त्याच्या डॉक्टरांशी व्हावे. कार्बन डायऑक्साईड ९० असताना रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी भाऊ-बहिणींनी हे ठरवावे लागू नये.

पुढच्या वेळी रुग्णालयात जाताना सोबत काय असावे?

बरे असतानाच्या आणि मागच्या आजारपणातल्या एबीजीचे अहवाल, चालू औषधांची यादी, घरच्या बायपॅपचे ठरवून दिलेले दाब, आणि ‘सीओपीडी; कार्बन डायऑक्साईड साठतो; ऑक्सिजनचे लक्ष्य ८८ ते ९२’ असे ठळक अक्षरांत लिहून डॉक्टरांची सही घेतलेले कार्ड. १०८ ची रुग्णवाहिका आली की ऑक्सिजन लावण्याआधीच ते कार्ड तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यावे.